हिरव्या झाकणाचा तुकडा

अ‍ॅडमिन होण्यात चष्मेवाल्याला मिळणार काय होतं, ते आधी मांडलेलं बरं. पगार नाही, भत्ता नाही, हारतुरे तर नाहीतच. उलट फोनची बॅटरी दुपारीच मान टाकायची, आणि गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना खिशात सारखी गुणगुण चालायची ती वेगळीच. पण जमेच्या बाजूला एकच नोंद होती आणि ती भली थोरली होती. तिथे त्याचं ऐकलं जायचं.

घरात त्याचं ऐकणार कोण? पडद्यांचा रंग बायको ठरवायची, सुट्टीत कुठे जायचं ते मुलगी ठरवायची, आणि कुठेच जायचं नाही असं ठरलं तर तेही दोघी मिळून ठरवायच्या. दुकानात तर आनंदच. त्याने खपून खपून चेहऱ्याला शोभेल अशी फ्रेम काढावी, गिऱ्हाइकाने आरशात डावं-उजवं वळून 'छान आहे हो' म्हणावं, आणि सोबत आलेल्या मावशीने नाक मुरडलं की खेळ खलास. फ्रेम परत काचेच्या कपाटात.

'जोडाजोड' मात्र त्याची स्वतःची. हजार-हजार तुकड्यांची चित्रं जोडायचा छंद असलेल्या लोकांचा तो ऑनलाइन ग्रुप. पद्धत साधी होती. चित्राचा डबा कुरिअरने एका घरातून दुसऱ्या घरी फिरायचा. ज्याच्याकडे डबा येईल त्याने चित्र जोडायचं, पूर्ण झाल्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा, वाहवा घ्यायची, मग चित्र मोडून डबा पुढच्याला पाठवायचा. सुरुवातीला सगळं गोडीगुलाबीत चाललं. मग माणसं वाढली, आणि माणसं वाढली की फुलांचे फोटो येतात, सुविचार येतात, कोणाच्या तरी भाच्याच्या क्लासची जाहिरात येते. कोणीतरी लिहिलं, 'अहो, इथे काही शिस्त हवी.' चष्मेवाला जणू याच वाक्याची वाट बघत होता.

त्याने नियम केले, सात. शुभ सकाळ बंद. जाहिराती बंद. फोटो वरून काढायचा, चारही कडा दिसल्या पाहिजेत. असं करत करत गाडी पाचव्या नियमावर आली, आणि तो त्याचा सर्वांत लाडका. तुकडा कमी निघाला तर ज्याला डबा मिळाला त्याने लगेच ग्रुपवर सांगायचं. दोष ज्याने डबा पाठवला त्याचा. आणि त्याचं नाव महिनाभर ग्रुपच्या माथ्यावर, सगळ्यांना दिसेल असं, 'तुकडा हरवला' या शब्दांसह. सातवा नियम छोटा होता. कमी तुकडा लपवला, तर ग्रुपबाहेर.

"सात झाले का?" बायकोने चहा ठेवत विचारलं.

"झाले."

"आठवा घाला. घरात ओला टॉवेल पलंगावर टाकणाऱ्याचं नाव माथ्यावर."

तो हसला नाही. नियम करणारा माणूस नियमांवर हसत नाही.

पाचव्या नियमात पहिले सापडले ते बसवाले आजोबा. आयुष्यभर बस चालवून आता गुडघे धरून घरी बसलेले. त्यांनी पाठवलेल्या डब्यातून घोड्याचा कान गायब निघाला. 'चूक झाली साहेब,' आजोबांनी लिहिलं, 'सोफा उलटा केला, सुनेची बोलणी खाल्ली, कान काही सापडला नाही.' लोक हसले. चष्मेवाल्यालाही हसू आलं, पण नाव माथ्यावर लावलंच. एरवी सगळ्यांच्या फोटोंखाली काहीबाही लिहिणारे आजोबा तो महिनाभर गप्प होते.

त्या रविवारी मेव्हणी जेवायला आली होती. मेव्हणी म्हणजे बायकोची थोरली बहीण. घरात सगळ्यांची ताई, आणि ग्रुपवर सगळ्यांची दातताई, कारण ती दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. डॉक्टर लोक तोंडाचा ठसा पाठवायचे आणि ती त्याबरहुकूम कवळ्या, दातांवरच्या टोप्या, पुढचे दात बनवायची. शेजारच्या खऱ्या दाताशी रंग असा जुळवायची की आरशात बघणाऱ्यालाही आपला कोणता आणि ताईचा कोणता ते कळू नये. नवरा गेल्यावर तिच्या संध्याकाळी खायला उठायच्या. तेव्हा चष्मेवाल्यानेच तिला ग्रुपमध्ये घेतलं होतं. एवढं पुण्य त्याच्या नावावर होतं, ते नाकारून चालणार नाही. ताईने त्यासाठी खास मोठं टेबल घेतलं. लॅबमधून आली की दिवा ओढून त्या टेबलाशी बसायची, आणि ग्रुपवर बसवाल्या आजोबांशी, बेकरीवाल्याशी तिच्या गप्पा रंगायच्या.

"भावजी," जेवताना ताई म्हणाली, "आजोबांचं नाव उतरवा हो आता. माणूस बोलेनासा झालाय."

"ताई, एकाचं उतरवलं की दुसरा येतो. मग नियम कशाला केले?"

"तेच विचारतेय."

बायको पाण्याच्या पेल्याआड हसली. चष्मेवाल्याने विषय बदलला.

पुढे 'बरण्यांचं कपाट' नावाचा डबा त्याच्याकडे आला. लाकडी कपाटात ओळीने काचेच्या बरण्या, प्रत्येकीत वेगळ्या रंगाची बटणं, प्रत्येकीला वेगळ्या रंगाचं झाकण. डोळ्यांची परीक्षाच ती. चष्मेवाल्याने आपल्या लोकरी चटईवर ते चित्र जोडलं. ही चटई त्याच्या खास अभिमानाची. अर्धवट चित्र तिच्यात गुंडाळून ठेवता यायचं, आणि चारही बाजूंनी तिला दुमडून शिवलेली जाड कड होती. फोटो काढला, चारही कडांसकट. ग्रुपवर टाळ्या पडल्या. मग त्याने चित्र मोडलं, चटई डब्यावर झटकली, आणि पुढचा नंबर ताईचाच असल्यामुळे कुरिअरचाही प्रश्न आला नाही. रविवारी ती आली आणि डबा पिशवीत घालून घेऊन गेली.

काही दिवसांनी तिचा दुकानात फोन आला. समोर एक आजी बसल्या होत्या आणि अक्षरांच्या तक्त्यावरची शेवटची ओळ अंदाजपंचे वाचत होत्या.

"भावजी, ती तुमची चटई आहे ना, ती एकदा नीट झटकून बघा हो."

"का? काय झालं?"

"काही नाही. धूळ बसते त्या कडांमध्ये. काही अडकलं-बिडकलं असेल."

चष्मेवाल्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, पण भलत्याच खोलीत. त्याला वाटलं, ताई आपली खोडी काढतेय. "ताई," तो हसून म्हणाला, "माझ्याकडून तुकडा हरवेल? फोटो बघा ग्रुपवर, हजारच्या हजार आहेत. आणि नियम केले कोणी?"



"तुम्ही," ती म्हणाली. "बरं, ठेवते. कामात असाल."

त्याने फोन ठेवला आणि आजींना शेवटची ओळ पुन्हा वाचायला लावली. चटई कपाटावर होती तशीच राहिली.

थोड्याच दिवसांत ताईचा फोटो ग्रुपवर आला, कपाट पूर्ण, बरण्या सगळ्या जागच्या जागी. डबा पुढे बेकरीवाल्याकडे गेला. बेकरीवाला उत्साही गडी, पाव भाजता भाजता तुकडे जोडायचा, त्यामुळे त्याच्याकडून गेलेल्या प्रत्येक डब्याला मंद खमंग वास यायचा. एका दुपारी त्याने एका तुकड्याचा जवळून काढलेला फोटो टाकला. हिरव्या बरणीचं झाकण.

'मंडळी, हे बघा! हा तुकडा पुठ्ठ्याचा नाहीच. कडक आहे, वाकत नाही, जरा जड आहे. कोणीतरी हाताने बनवलाय! रंग तर असा जमवलाय की बोटाला कळला, डोळ्याला नाही. काय हात आहे! दातताई, तुम्हीच ना?'

खाली टाळ्यांचा पाऊस सुरू झाला. कोणी विचारलं, माझ्याही एका डब्यात एक कमी आहे, कराल का? तक्रार एकाचीही नव्हती. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे जे झालं ते कोणी मागितलेलं नव्हतं.

चष्मेवाल्याने दुकानातलं भिंग काढून तो फोटो पाहिला. झाकणाची कड जरा जास्तच चकाकत होती. त्याने ताईचा जुना फोटो मोठा करून पाहिला, तिथेही तीच चकाकी. मग स्वतःचा पाहिला. तिथे नाही. म्हणजे आपल्याकडे असताना तुकडा होता, तिच्याकडे असताना गेला. गणित सरळ होतं. चित्राचा फोटो चित्र मोडण्याआधी काढतात, आणि हरवायचा तो तुकडा मोडताना हरवतो, ही गोष्ट त्या गणितात कुठे बसलीच नाही. नियम करतानाही बसली नव्हती.

तो ताईला फोन करू शकला असता. मेव्हणीच होती, परकी नव्हती. पण मग लोक काय म्हणाले असते? घरातलं घरात मिटवलं. त्याने सगळ्यांसमोर लिहिलं,

'ताई, हा तुकडा तुम्ही बनवला का?'

'हो.' उत्तर लगेच आलं. 'लॅबमधल्या ठसे घ्यायच्या मऊ पुटीने रिकाम्या जागेचा ठसा घेतला, मग त्यात तुकडा ओतला.'

'मूळ तुकडा कुठे आहे?'

ताई लिहितेय असं दिसत राहिलं. थांबलं. पुन्हा दिसलं.

'माझ्याकडे नाही.'

'म्हणजे हरवला?'

'तसं धरा.'

बसवाले आजोबा बऱ्याच दिवसांनी बोलले, 'साहेब, जाऊ द्या. घोड्याला कानही नव्हता, इथे निदान झाकण आहे.' बेकरीवाल्याने घाबरून लिहिलं, 'मी कौतुक म्हणून टाकलं होतं हो, मला काय माहीत!' पण चष्मेवाला आता मागे वळला, तर आजोबांच्या महिनाभराच्या मुक्या तोंडाला काय उत्तर देणार? त्याने सातवा नियम लिहून काढला, 'नियम सर्वांना सारखे' अशी एक ओळ जोडली, आणि ताईला काढून टाकलं. बेकरीवाल्याला तो खोटा तुकडा डब्यातून काढून नष्ट करायला सांगितलं.

संध्याकाळी बायको बराच वेळ भांडी जोरात घासत होती.

"तिने का लपवलं असेल, विचारलंत का तिला?"

"नियमात 'का' नाहीये."

"तुमच्यात आहे का?"

त्याने फोन उघडला. तिथे उत्तरं भरपूर होती. 'मानलं साहेब! घरच्यांनाही सोडलं नाही.' 'असा अ‍ॅडमिन पाहिजे.' एका बाईंनी तर आपल्या सोसायटीत अध्यक्ष म्हणून येता का, असं विचारलं. हे सगळं त्याने जेवण होईपर्यंत दोनदा वाचलं. खोटं कशाला बोला, गोड लागलं.

पुढचे रविवार जरा ओकेबोके गेले. ताई जेवायला येईना. लॅबमध्ये काम वाढलंय, असं कारण यायचं. बायको जेवणाचा डबा भरून तिच्याकडे जायची आणि एकटीच परत यायची. "कशी आहे?" तो विचारायचा. "बरी आहे," ती म्हणायची, आणि चप्पल काढायला गरजेपेक्षा जास्त वेळ लावायची.

मग एका सकाळी बायकोने साफसफाई काढली. कपाटावरची चटई तिने गॅलरीत नेली, कठड्यावर टाकली आणि काठीने बडवली. एका कडेची शिवण आधीच उसवलेली होती. त्यातून काहीतरी टप्पकन खाली पडलं.

"अहो, तुमचं काय पडलंय बघा."

तो दाढीचा फेस गालावर तसाच घेऊन आला. फरशीवर पालथा पडलेला पुठ्ठ्याचा तुकडा होता. त्याने उलटला. हिरवं झाकण.

बायकोने तुकड्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. एरवी एवढ्या ऐवजावर तिने आठवडाभर टोमणे चालवले असते.  आज काठी कोपऱ्यात ठेवून ती आत निघून गेली, आणि हे त्याला जास्त लागलं.

फेस वाळत होता आणि त्याला फोन आठवत होता. चटई नीट झटकून बघा हो. तिने चित्र जोडलं असेल, शेवटी एक भोक उरलं असेल. तिने घर पालथं घातलं असेल. मग तिला कळलं असेल की हे इथे हरवलेलंच नाही. पाचव्या नियमाने तिला ग्रुपवर लिहायचं होतं, तुकडा कमी आहे, पाठवणारा अमुक. म्हणजे नियम करणाऱ्याचंच नाव माथ्यावर, महिनाभर. तिने आधी हळूच त्याला वाट दाखवून पाहिली. त्याने ती हसून बंद केली. मग ती आपल्या पद्धतीने कामाला लागली. जिथे एखादा कमी असेल तिथे शेजाऱ्याशी जुळणारा बनवून बसवायचा, हेच तर ती रोज करायची.

दुपारी दुकान बंद करून तो लॅबमध्ये गेला. याआधी तो तिथे कधी गेला नव्हता. लांबट खोली, भिंतीला लागून ओटा, ओट्यावर प्लास्टरचे जबडे ओळीने, प्रत्येकावर पेशंटच्या नावाची चिठ्ठी. घासायचं यंत्र किरकिरत होतं. ताई डोळ्याला भिंग लावून एका दातावर पातळ ब्रशने रंग चढवत होती. शेजारी दातांच्या रंगांचे नमुने, पांढऱ्यापासून चहाच्या डागापर्यंत.

"या भावजी," ती मान वर न करता म्हणाली. "दात दुखतोय का?"

त्याने तुकडा ओट्यावर ठेवला. तिने भिंग सरकवून पाहिला, आणि तिच्या चेहऱ्यावर सगळ्यात आधी जे आलं ते कारागिराचं होतं. "बघा," ती म्हणाली, "कडेला जरा पिवळट झाक आहे. मी तीनदा केला तरी ती पकडता आली नव्हती. डब्यावरच्या चित्रात ती दिसतच नाही ना."

"ताई, तुम्ही मला सांगायचं होतं."

"सांगितलं की. चटई झटका म्हटलं."

"स्पष्ट सांगायचं होतं."

"स्पष्ट सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

तो विचार करू लागला, आणि प्रामाणिकपणे विचार केला ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. "वाद घातला असता," तो म्हणाला. "फोटो दाखवला असता."

"मग. आणि धाकटीने दोघांच्या मध्ये बसून जेवण वाढलं असतं. एवढ्याशा पुठ्ठ्यासाठी." तिने ब्रश पाण्यात बुडवला. "मला वाटलं, कोणाला कळणार नाही. माझा हात बरा आहे तसा. बेकरीवाल्याची बोटं फारच तल्लख निघाली."

"मी तुम्हाला आजच परत घेतो. सगळ्यांना सांगतो."

"सांगा, सांगायचं तर. पण मला घेऊ नका हं. घेतलंत तर मी बाहेर पडेन, आणि मग धाकटीला वाटेल, पुन्हा भांडलो."

"रागावलात?"

"राग नाही हो." ती म्हणाली. "तिथे सगळे बघत होते ना, तुम्ही विचारत होतात तेव्हा. मी इकडे फोन धरून बसले होते, आणि काय लिहू सुचेना. खरं लिहावं तर तुमचं नाव येतं, खोटं लिहायची सवय नाही. चोर पकडल्यासारखं झालं. मग त्या टेबलाशी बसलं की तेच आठवायचं. म्हणून टेबल दिलं इथल्या मुलीला, तिला शिवणाला हवं होतं. खोली मोठी वाटते आता." ती ब्रशकडे बघत म्हणाली, "जरा जास्तच."

यंत्र बंद झालं होतं. खोलीत दातांशिवाय तिघं-चौघं होती आणि सगळी आपापल्या जबड्यात डोकं घालून बसल्याचं नाटक करत होती.

"बरं, माझा तुकडा कुठे आहे?" ताईने विचारलं. "तो द्या मला. ठेवीन आठवण म्हणून."

चष्मेवाल्याने तिथूनच बेकरीवाल्याला फोन लावला. बेकरीवाल्याचा आवाज पडला. "साहेब, तुम्ही नष्ट करा म्हणालात ना. भट्टीत टाकला. जीवावर आलं होतं, पण नियम म्हणजे नियम."

त्याने ताईला सांगितलं. इतका वेळ ती बोलत होती, हसत होती. हे ऐकल्यावर तिने भिंग पुन्हा डोळ्यावर ओढलं. "हं," ती म्हणाली, "पेशंट थांबलाय भावजी, हा दात आज पाठवायचाय."

संध्याकाळी त्याने ग्रुपवर सगळं लिहिलं, काही न गाळता. चटई, फोन, आपलं गणित. स्वतःचं नाव 'तुकडा हरवला' या शब्दांसह माथ्यावर लावलं, आणि पाचवा आणि सातवा नियम खोडले. लिहून झाल्यावर फोन पालथा ठेवून तो शिक्षेची वाट बघत बसला. वाईट बोलतील, काढा म्हणतील याला. बोलू देत, त्याला ते हवंच होतं.

फोन गुणगुणायला लागला. 'साहेब, तुमच्या मोठेपणाला सलाम!' 'स्वतःचं नाव स्वतः लावलं, याला म्हणतात सचोटी.' 'डोळ्यांत पाणी आलं.' बसवाल्या आजोबांनी हात जोडल्याची चित्रं ओळीने टाकली. सोसायटीच्या बाईंनी अध्यक्षपदाचं पुन्हा विचारलं. अंगठ्याने वर वर सरकवत तो एकच नाव शोधत होता, आणि ते यादीतून काढलं होतं त्यानेच.

"काय म्हणतात?" बायकोने दारातून विचारलं.

"कौतुक करतात."

"करणारच," ती म्हणाली, आणि रविवारचा डबा भरायला गेली, एका माणसाचा.

तर हिशेब असा झाला. बेकरीवाल्याकडे खरं झाकण कुरिअरने गेलं आणि कपाट पूर्ण झालं. बसवाले आजोबा पुन्हा बोलते झाले. ग्रुपचे दोन नियम कमी झाले आणि माणसं वाढली. चष्मेवाल्याने चूक केली तेव्हा त्याला टाळ्या मिळाल्या, ती कबूल केली तेव्हा त्याहून जास्त मिळाल्या. त्या नकोशा वाटल्या हा त्याचा खर्च धरायचा तर धरा, पण टाळ्या वाजल्या त्याच्याच नावाने. बायकोच्या वाट्याला दर रविवारचं जाणं-येणं आलं. बाकी सगळं भरलं ताईने. तिच्या संध्याकाळी गेल्या, टेबल गेलं, आणि तीनदा करून जमवलेलं एक हिरवं झाकण भट्टीत गेलं.